पाठीमागचं मैदान

मी एक बाक आहे. मैदानातला. एवढं ऐकलं की लोकांना वाटतं, मजा आहे बुवा याची, दिवसभर मुलांचे खेळ बघायला मिळत असतील. तेवढा गैरसमज आधी दूर करतो. मैदान माझ्या पाठीमागे आहे. माझ्या तोंडासमोर कुंपणाची जाळी आहे, जाळीपलीकडे रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे एका गोदामाची भिंत आहे. कित्येक वर्षं मी ती भिंत बघतो आहे. मध्यंतरी तिला रंग दिला, हीच काय ती माझी करमणूक.

मैदान मी फक्त ऐकतो. झोका कुठे आहे ते मला करकरण्यावरून कळतं, घसरगुंडी कुठे आहे ते चड्डी घासल्याच्या आवाजावरून. कोण पडलं, कोण पडल्याचं सोंग करतंय, हेही रडण्यावरून ओळखता येतं. पण दिसत काही नाही. खेळाच्या मैदानात बसायची जागा करायची आणि तिचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं, हे कुणाला सुचलं, ते सांगतोच. आधी जन्मापासून सांगू द्या, म्हणजे माझा वैताग कुठून आला ते समजेल.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. पाय ओतीव लोखंडाचे, बसायला आणि टेकायला लाकडी पट्ट्या, सगळ्यावर हिरवा रंग. मला जुळवणारा मिस्त्री जाडजूड माणूस होता. बाक तयार झाला, की नटबोल्ट आवळून आधी तो स्वतः बसायचा. पाठ टेकायचा, डोळे मिटायचा आणि थांबायचा. आपसूक सुस्कारा सुटला तर बाक पास. नाही सुटला तर पट्ट्या सोडून पुन्हा जुळवायच्या.

त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन यायची. एकदा तिनं त्याला तसं बसलेलं पाहिलं.

"कामाच्या वेळेला बसून राहायची बरी युक्ती काढलीत."

"परीक्षा घेतोय बाकाची."

"घ्या. फक्त परीक्षेत घोरू नका."

माझी परीक्षा अर्धवटच राहिली. तो बसला, डोळे मिटले, आणि बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवायला लागला. मिस्त्री कपाळाला आठ्या घालून उठला आणि म्हणाला, "न्या हा. चालेल." चालेल म्हणून मी बाहेर पडलो, पास म्हणून नव्हे. ही बोच मला कायम राहिली.

मी पहिल्यांदा गेलो तो टेकडीवरच्या वसाहतीत. उंच इमारती, फाटकावर पहारा, आणि मधोमध मुलांसाठी मैदान. मैदान कसलं, दिवाणखाना. खाली मऊ रबराची फरशी, त्यावर प्लास्टिकची घसरगुंडी. इतकी बुटकी, की वर बसलेल्या पोराचे पाय खाली टेकायला आलेले. एक डोलणारा घोडा होता, तो जेमतेम डोलायचा. दाराशी फलक होता. पळू नये, ओरडू नये, चेंडू आणू नये, गवतात जाऊ नये. सगळ्यात खाली लिहिलं होतं, आनंद घ्यावा.

तिथे मात्र माझं तोंड अगदी बरोबर होतं. पुढ्यात सगळं मैदान, एकही कोपरा नजरेआड नाही. मी म्हटलं, आता बघू या खेळ. पण माझ्यावर बसणाऱ्या आयांना, आज्यांना आणि सांभाळायला ठेवलेल्या बायकांनाही सगळं दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून त्यांना बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

"हळू."

"हळूच चाललोय, मम्मी."

"अजून हळू."

एका पोराने घसरगुंडीवर खालून वर चढून पाहिलं. मी इतक्या दिवसांत तिथे पाहिलेला तो पहिला खरा खेळ. लगेच माझ्यावरून आवाज गेला, "उलटं नाही चढायचं. ती घसरायची आहे." पोरगं उतरलं. माझ्या शेजारच्या बाकावर एक निवृत्त प्राध्यापक बसायचे. ते म्हणायचे, "मुलांनी खेळावं, त्याला कुणाचीच हरकत नाही. पण आवाज कशाला?"

मग मुलं काय करणार? ती येऊन माझ्यावर बसायची, हातात फोन घ्यायची आणि अंगठ्यांनी शर्यती लावायची. दिवे लागायच्या वेळी त्यांच्या आया त्यांना उठवायच्या, "चल, उशीर होतोय." कुठे जायचं असायचं? तर पळण्याच्या शिकवणीला. गाडीत बसून. मैदानातून उठून मुलं गाडीने पळायला जायची, आणि यात काही विचित्र आहे असं कुणालाही वाटत नसे. मी लाकूड आणि लोखंड, मला वाटायचं.

शेवटी एका मुलाच्या मांडीत माझ्या पट्टीचं बारीक कुसळ गेलं. कुसळ चिमट्याने चटकन निघालं, पण विषय सोसायटीच्या बैठकीत गेला. त्याच्या आधीच्या बैठकीत, दुपारी गड्यांनी आडवं होऊ नये म्हणून माझ्या मधोमध एक लोखंडी दांडा बसवला होता. आता ठरलं, की लाकूडच नको. गुळगुळीत प्लास्टिकचे बाक आले आणि मला टेम्पोत घातलं. माझ्या जाण्याचं कुणालाच काही वाटलं नाही. बाकाबद्दल वाटावं तरी काय म्हणा.

टेकडीखालच्या वस्तीत तेव्हा नवीन मैदान होत होतं. तिथली मुलं पूर्वी गल्लीत खेळायची. दारात बसून बायका धान्य निवडायच्या, भाजी चिरायच्या, आणि समोर मुलगे-मुली सगळी एकत्र धावायची. मग गल्लीत गाड्या उभ्या राहायला लागल्या, खेळायला जागा उरली नाही, आणि वस्तीने मैदान मागितलं. मिळालंही. झोके, चांगली उंच घसरगुंडी, चढायला लोखंडी सांगाडा. सामान टेकडीवरच्यापेक्षा शंभर पटींनी बरं होतं.

आणि मग मला तिथे बसवायचा दिवस आला. मैदानात तेव्हा नुसती मोकळी जमीन होती, सामान मागाहून आलं. मुकादम रस्त्यावर उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फिरवा. तोंड इकडे करा."

कारण ऐका. उद्घाटनाला पाहुणे रस्त्याने येणार होते. रस्त्यावरून त्यांना बाकांच्या पाठी दिसल्या असत्या. पाहुण्यांना पाठ दाखवणं बरं दिसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच, बरं दिसत नाही. मला फिरवलं, पायांत काँक्रीट ओतलं, ताजा रंग दिला.

पाहुणे आले. ऊन होतं. गाडीची काच खाली झाली, एक हात बाहेर आला, हलला, आणि गाडी पुढे गेली. त्या एका हातासाठी मी जन्मभर उलटा.

आता याने काय बिघडलं, असं तुम्हीही म्हणाल. सगळे तेच म्हणतात. बिघडलं ते असं. मुलगे मैदानात एकटे येतात. फाटकातून शिरतात, चेंडू टाकतात आणि मधली सगळी जागा त्यांची होते. मुली एकट्या येत नाहीत, त्यांना कुणीतरी घेऊन येतं. त्या घेऊन येणाऱ्या बाईनं बसायचं कुठे? माझ्यावर. माझ्यावर बसलं की मैदान दिसत नाही. दिसत नाही म्हणजे पोरीला सोडायचा धीर होत नाही. मग पोरगीही माझ्यावरच. मैदानात येऊन ट्रकांचे नंबर वाचत बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. एकीला तर ते पाठ झाले होते.

वर दिसत होतं म्हणून कुणी खेळू देत नव्हतं, खाली दिसत नाही म्हणून कुणी खेळू देत नाही. मी कुठे कुठे डोकं आपटू?

अशातच एका संध्याकाळी एक आजी आपल्या नातीला घेऊन आली. गुडघे धरत, जाळीचा आधार घेत माझ्यापर्यंत पोचली आणि टेकली. नात शेजारी बसली. मुलगी अंगानं जड होती, आणि फाटकापासून इथपर्यंत चालण्यानेच तिला धाप लागली होती. माझ्या दुसऱ्या टोकाला शिवणकाम करणारी एक बाई बसलेली होती. ती रोज यायची, हातात काजं-बटणांचं काम घेऊन, आणि तिची धाकटी तिच्या पायाशी बसून दोऱ्यांचा गुंता सोडवायची.

"नवीन दिसता," शिवणवाली म्हणाली.

"नवीन कुठली. मागच्या गल्लीत कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं ना, ते माझं."

"अगबाई, तुम्ही होय. आमच्या ह्यांचा शर्ट जाळला होतात तुम्ही."

"बाही जाळली होती. शर्ट नाही. आणि दोन्ही बाह्या कापून अर्ध्या बाहीचा करून दिला होता."

"तोच घालून हिंडायचे मग उन्हाळाभर. आवडला होता त्यांना." शिवणवाली हसली आणि मुलीकडे वळली. "नाव काय गं तुझं?"

"भिंगरी."

"भिंगरी, आणि अशी गप्प बसलीस?"

"तिच्या आईनं ठेवलंय लाडाचं," आजी म्हणाली. "एका जागी ठरायची नाही तेव्हा."

तेव्हा म्हणजे कधी, हे शिवणवालीने विचारलं नाही. आजीनेच पुढे सांगितलं. जिना चढताना पोरीला धाप लागते. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिला औषध कसलं देता, हिला पळू द्या, नाहीतर पुढे त्रास वाढेल. म्हणून आणलं इथे.

"मग सोडा की पळायला. जाईल कुठे? चारी बाजूंनी जाळी आहे."

आजीने मान वळवायचा प्रयत्न केला. ती खांद्यापर्यंतही गेली नाही. आयुष्यभर खाली बघून इस्त्री फिरवलेली मान, ती तशीच जाम झाली होती. "मला मागचं दिसत नाही," ती म्हणाली.

"मी बघते ना तुमच्यासाठी. उठून बघते मधूनमधून."

भिंगरी आणि धाकटी जाळीपाशी जाऊन ट्रक बघत होत्या. तेव्हा आजी हळू आवाजात म्हणाली, "माझी लेक दवाखान्यात होती. बोलत होती चांगली. मला म्हणाली, आई, सकाळपासून बसली आहेस, जा, खाली चहा घेऊन ये. मी गेले. चहा घेतला. वर आले."

शिवणवालीची सुई थांबली.

"तेवढ्यातच," आजी म्हणाली. "म्हणून हिला डोळ्यांआड करत नाही मी. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही हो," शिवणवाली म्हणाली, आणि तिने पुन्हा सुई चालवायला घेतली.

तर असा पेच होता. पोरीनं पळायला हवं, आजीला ती दिसायला हवी, आणि दोघींच्या मध्ये मी, काँक्रीटमध्ये पाय रोवून, उलटा. मला किती राग आला असेल, सांगा.

उपाय करून पाहिले. आजी उभी राहून बघायला गेली, तर गुडघे लटपटायला लागले. माझ्यावर आडवी फिरून बसायला गेली, तर मधला दांडा बरगडीत. वरच्या लोकांनी गड्यांसाठी बसवलेला दांडा इथे आजीला टोचत होता. भिंगरीच्या बापाने, म्हणजे आजीच्या जावयाने, घरून स्टूल आणून दिलं, तर रखवालदार म्हणाला, "बाहेरचं सामान आत चालत नाही." जमिनीवर बसावं, तर उठवायला दोन माणसं लागायची. भिंगरी सगळं बघायची आणि म्हणायची, "राहू दे आजी. मला नाही खेळायचं." ते ऐकून आजीचा चेहरा असा व्हायचा, की मला गोदामाची भिंत बरी वाटायची.

शेवटी शिवणवाली उद्यान खात्यात जाऊन आली. तिचा ससेमिरा इतका, की एक साहेब खरोखरच मैदानात आले. माझ्यावर बसले. हातांनी पट्ट्या चाचपल्या.

"मजबूत आहे. अडचण काय आहे नक्की?"

"फिरवून द्या साहेब. तोंड मैदानाकडे करून द्या."

"बसायला काही त्रास होतो का?"

"बसायला नाही. बघायला होतो."

"अहो, बाक बसायला असतो," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "फिरवायचा तर काँक्रीट फोडावं लागेल. त्याची मंजुरी वेगळी. आणि इथून वारा किती छान येतो बघा."

"वारा चारी बाजूंनी येतो साहेब," आजी म्हणाली. "पोरगी एकाच बाजूला आहे."

साहेब विचारात पडले. त्यांना तळमळ नव्हती असं मी म्हणणार नाही. काहीतरी करायला हवं, हे त्यांना पटलं होतं. काही दिवसांनी कामगार आले, आणि माझ्या अगदी समोर, जाळीवर, त्यांनी एक मोठा फलक बसवला. "पालकांनी आपल्या पाल्यांवर सतत लक्ष ठेवावे."

शिवणवालीने तो मोठ्याने वाचला आणि ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "कुठे लावलाय बघा. पोरं मागे, पाटी पुढे." आजी हसली नाही. मीही नाही. आधी निदान ट्रक तरी पूर्ण दिसायचे.

भिंगरीचा बाप टेम्पो चालवायचा. कमी बोलणारा माणूस. बायको गेल्यापासून सासूबाई पोरीसाठी त्याच्याकडेच राहत होत्या, आणि दोघं एकमेकांशी अगदी जपून बोलायची. एक दिवस तो लवकर सुटला आणि सरळ मैदानात आला. फलकासमोर उभा राहिला, तो वाचला, मग माझ्यावर सासूबाईंच्या शेजारी बसला आणि पुन्हा वाचला. मग उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो हातात एक आरसा घेऊन. मोठ्या गाड्यांना बाहेरच्या बाजूला असतो तसा फुगीर, काठाला थोडा टवका उडालेला.

"हे काय जावईबापू?"

"मीही दिवसभर मागचं असंच बघतो, आई," तो म्हणाला, आणि तारेने आरसा फलकाच्या वरच्या कडेला बांधायला लागला. "बघा, दिसतंय का."

"आभाळ दिसतंय."

त्याने आरसा खाली वाकवला.

"आता माझंच तोंड. नको ते."

"आता?"

आजी पुढे झुकली. मीही झुकलो असतो, पण माझे पाय काँक्रीटमध्ये होते.

आरशात मैदान होतं.

इतकी वर्षं ज्याचा नुसता आवाज ऐकला, ते सगळं समोर. झोके मी मनात लाल धरले होते, ते निळे निघाले. घसरगुंडीशेजारी एक झाड होतं. पानं वाजायची तेव्हा मला ती लांब बाहेरच्या कुठल्या झाडाची वाटायची. लोखंडी सांगाडा अगदी टोकाला, आणि मधल्या सगळ्या पटांगणावर मुलग्यांचा चेंडू. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं म्हणतात. मला त्याचं काय, मी उलटाच होतो.

"दिसतंय," आजी म्हणाली. "सगळं दिसतंय. जा गं."

भिंगरी उठली. चार पावलं गेली आणि आरशातून आजीकडे बघत उभी राहिली. आजीने हात वर केला. मग ती चालायला लागली, आणि झाडापाशी पोचल्यावर पळाली. पळणं म्हणजे काय, थोडं धावली, थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली, पुन्हा धावली. सांगाड्याच्या पहिल्या दांडीवर चढली आणि तिथेच लटकून राहिली. शिवणवालीने पायाशी बसलेल्या धाकटीच्या पाठीत धपाटा दिला, "तू काय मुहूर्त बघतेस? जा तिच्यासोबत."

परत आली तेव्हा भिंगरी घामानं निथळत होती. "दिसले का मी?"

"दिसलीस. वर चढताना जीभ बाहेर काढतेस. ती आत ठेव."

जावई कुंपणाला टेकून उभा होता. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. माझ्यावर गर्दी व्हायला लागली. "सरका ना जरा, माझी दिसत नाहीये." "तुमची झोक्यावर आहे, ती त्या टोकाकडून दिसते, तिकडे बसा." "तुमच्या अंबाड्यात माझी दोन्ही पोरं लपली." आरशासाठी भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. पाठीमागे मुलींचे आवाज वाढले. मुलग्यांशी जागेवरून तंटे झाले, चेंडू एकदा झाडात अडकवला गेला, आणि मधल्या पटांगणाचा एक तुकडा मुलींकडे आला तो आलाच. भिंगरी सांगाड्याच्या तिसऱ्या दांडीपर्यंत पोचली. आजी घरी निघताना जिन्याबद्दल बोलायची, "काल वरपर्यंत एकदाही बसली नाही."

आता वाटलं असेल, संपली कटकट. मला तसं कधीच वाटत नाही.

एका सकाळी खात्याचा माणूस पक्कड घेऊन आला. फलकावर काही लावता येत नाही, असा नियम निघाला होता. शिवणवाली बाजारातून येताना नेमकी तिथेच होती.

"अहो, आरसा काढता तर निदान बाक फिरवा."

"ते आमच्याकडे नाही बाई. आमच्याकडे फक्त आरसा काढायचं आहे."

त्याने तार कापली. आरसा रखवालदाराच्या खोलीत गेला. फलक मात्र जागच्या जागी. सतत लक्ष ठेवावे.

त्या संध्याकाळी आजी आली, बसली, आणि समोर बघत राहिली. तिला वाटेतच कळलं होतं. भिंगरी शेजारी उभी राहिली. बसली नाही, हे मी नोंदवून ठेवलं. मागून मुली तिला हाका मारत होत्या. ती चप्पल जमिनीवर घासत होती, पण विचारत नव्हती. आजीला अवघड होईल असं काही ती विचारायची नाही.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग दुसरा.

"जा," आजी म्हणाली.

"तुला दिसणार नाही."

"ऐकू येईल. आवाज देत राहा."

"काय म्हणू?"

"काहीही. आजी म्हण."

भिंगरी गेली. आजीचा हात माझ्या पट्टीवर होता, तो घट्ट झाला. "आजी," झाडापासून आवाज आला. "हं," आजी म्हणाली. "आजी," सांगाड्यापासून. "हं." पोरींना गंमत वाटली, दोघी-तिघी मिळून ओरडायला लागल्या, आणि आजी सगळ्यांना हं म्हणत राहिली.

मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. या कामात मी जुना आहे. चप्पल घासत येतात ती पावलं तिची. आता ती दांडीवर आहे, लोखंड वाजलं ऐका. आता उडी मारली, आणि पडली नाही, पडल्याचा आवाज वेगळा असतो. पण बाकाला कोण विचारतं? आजीचं तिलाच शिकावं लागलं. हळूहळू ती शिकली. मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायची. पट्टी धरायची ती मात्र घट्टच.

आणि परवा काय झालं, की हाक आलीच नाही.

आजी वाट बघत होती. मागे आरडाओरडा चालू होता, पण त्यात आजी हा शब्द नव्हता. तिची बोटं माझ्या लाकडात रुतली. शिवणवालीने काम मांडीवर ठेवलं. "बघू का उठून?"

"थांब."

आजी थांबली. मीही. मला चपलेचा आवाज येईना. मग कळलं, तिने चपला काढून फेकल्या होत्या. आणि सगळ्या गोंगाटातून तिचा आवाज आला, तापलेला, धापा टाकणारा, भांडणारा. "मी नाही आउट. तुझा हात लागलाच नाही. परत पळ. हिंमत असेल तर पकड मला."

ती हाक मारायला विसरली होती.

आजी ऐकत राहिली. भांडण मिटलं, पावलं पुन्हा धावली, भिंगरी हसली. तिचं तसं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं, आजीने बहुतेक ऐकलं होतं, पूर्वी. तिची बोटं एकेक करून सुटली. ती माझ्या पाठीला पाठ टेकून बसली, या मैदानात आल्यापासून पहिल्यांदाच, आणि तिने सुस्कारा टाकला. आपसूक.

शेडमधल्या परीक्षेत मी आता पास झालो, असं मी धरून चालतो.

म्हणून माझा राग गेला असं समजू नका. एका आजीने डोळ्यांचं काम कानांवर टाकलं, म्हणून माझं तोंड सरळ होत नाही. सगळ्यांना ते जमत नाही. अजूनही काही मुली माझ्यावर बसून ट्रक मोजतात. वरच्या मैदानात अजूनही कुणीतरी "हळू" म्हणत असेल. तुम्ही मैदानं बांधता तेव्हा रस्त्यावर उभं राहून बघता. एकदा बाकावर बसून बघा. बसल्यावर पोरगी दिसते का, आणि दिसली तरी तिला खेळू द्यावंसं वाटतं का, एवढंच बघा. रंग मागाहून द्या.

आणि मला फिरवायची मंजुरी कधी मिळालीच, तर पहार घेऊन सकाळी या. संध्याकाळी येऊ नका. संध्याकाळी आजी बसलेली असते, आणि तिला ऐकू यायला हवं.